‘नोंद आढळली नाही’

डोंबिवलीत वाचनालयाची खरी वेळ संध्याकाळी साडेसातनंतर सुरू होते. मुंबईहून आलेल्या फास्ट लोकल एकापाठोपाठ एक रिकाम्या होतात, पुलावरून माणसांचा लोंढा पूर्वेला उतरतो आणि त्यातली काही माणसं भाजीच्या पिशवीत पुस्तक टाकून घराआधी वाचनालयाचा जिना चढतात. अशाच एका पहिल्या मजल्यावरच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी मी उभा होतो. टेबलामागे दोन ताई. दोघींसमोर एकेक संगणक, पडदा अर्थातच त्यांच्याकडे तोंड करून. वाचकाला दिसते ती मॉनिटरची पाठ आणि तिच्यावर चिकटवलेली सूचना : पुस्तकाची पानं दुमडू नयेत.

एम. ए. मराठी करणारी एक मुलगी आली. तिला हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ हवी होती. ताईंनी नाव टाइप केलं. पडद्यावर उमटलं, ‘नोंद आढळली नाही’. ताईंच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. त्या उठल्या, दुसऱ्या रांगेतल्या कपाटाकडे गेल्या आणि पुठ्ठा बांधणीची जुनी प्रत घेऊन परत आल्या. ‘यात नाही म्हणतंय, पण आहे गं,’ एवढं बोलून त्यांनी पुस्तक नोंदवलं. मुलीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

गर्दी ओसरल्यावर मी ताईंना विनंती केली की, हीच नोंद लेखकाच्या नावाने काढून दाखवा. नोंद होती आणि अगदी बिनचूक होती. फक्त त्या जुन्या प्रतीच्या शीर्षकपानावर छापलंय तसं ‘लक्षांत’ लिहिलेलं होतं, ‘क्षा’वर अनुस्वार देऊन. ज्या कोणी ती नोंद केली त्याने छापील पानाशी इमान राखलं होतं. मुलीने आणि ताईंनी आजच्या शुद्धलेखनाशी राखलं. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून काढून टाकले. कपाटातल्या जुन्या पुस्तकांवरून ते कोण काढणार?

यंदाच्या दिवाळी अंकाला संपादकांनी ‘शोध’ हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा उत्खननं, हरवलेली गावं असं काही असावं. मी मागून घेतला तो हा शोध. ठाणे ते कल्याण या पट्ट्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणक आले. त्यांच्यावर माणसं पुस्तक शोधतात कशी, आणि सापडत नाही तेव्हा नेमकं काय अडतं, ते जाऊन पाहावं म्हटलं.

जुनं गाठोडं

पट्टा निवडण्यामागे घराजवळ असणं हे एक कारण होतंच. दुसरं म्हणजे पुस्तकांच्या बाबतीत हा मुलूख मुंबईच्या मागे नाही, काही बाबतींत पुढेच आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झालं, म्हणजे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या पाच वर्षं आधी. मराठी भाषेतली पुस्तकं तेवढी एका जागी जमवायची, हा त्यामागचा विचार, आणि त्याच्या मुळाशी विनायक लक्ष्मण भावे; पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे. वाङ्मयाचा इतिहास लिहायचा तर आधी वाङ्मय हाताशी हवं, असा हा सरळ हिशेब. भाव्यांनी जुन्या कवींची हस्तलिखितं जमवली, छापली. ठाणे नगर वाचन मंदिर तर ग्रंथसंग्रहालयाच्याही आधीचं.

डोंबिवली या बाबतीत धाकटी, पण उत्साहाने भारी. १९८६ साली पुंडलिक पै यांनी सुरू केलेली फ्रेंड्स लायब्ररी ही खासगी, वर्गणीवर चालणारी. घरबसल्या यादी पाहून पुस्तक मागवायची सवय शहराला लावण्यात तिचा वाटा मोठा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० साली ठाण्यात भरलं आणि २०१७ साली डोंबिवलीत. थोडक्यात, इथे वाचक आहे आणि पुस्तकंही आहेत. दोघांची गाठ पडण्यात जे आड येतं त्याबद्दल हा लेख.

दाखल नोंदवही

पुस्तक ग्रंथालयात येतं तेव्हा पहिली भेट दाखल नोंदवहीशी होते. लांबरुंद, लाल पाठीची वही. तिच्यात तारीख, दाखल अंक, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, आवृत्ती, पानं, किंमत, कुणाकडून घेतलं, असे रकाने ओळीने भरले जातात. तो दाखल अंक मग पुस्तकाच्या आत शिक्क्याखाली लिहितात. पुस्तक हरवलं, फाटलं, बाद केलं तर शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात तसं येतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. त्याखाली अनुदान घेणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाची तपासणी होते आणि तपासायला आलेला अधिकारी आधी ही वही मागतो. त्यामुळे ती जिवापाड जपली जाते. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीही कुठल्या कपाटात आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं.

वाचकाला मात्र दाखल नोंदवहीचा उपयोग शून्य. ती आलेल्या क्रमाने लिहिलेली. ‘तुमच्याकडे दुर्गा भागवतांचं काय काय आहे?’ हा प्रश्न तिला विचारता येत नाही. त्यासाठी तालिका लागते. जाडसर कागदाची, पाच बाय तीन इंची कार्डं, तळाशी भोक, भोकातून गज ओवलेला, आणि असे गज असलेले छोटे छोटे खण. एकेका पुस्तकाची तीन-चार कार्डं : लेखकाचं एक, नावाचं एक, विषयाचं एक. ही पद्धत आपल्याकडे आणली ती सयाजीराव गायकवाडांनी. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून घेतलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. आपल्याकडच्या लहान-मध्यम वाचनालयांत कार्डांपेक्षा छापील किंवा हाताने लिहिलेल्या याद्याच जास्त चालल्या. लेखकवार एक, विषयवार एक. त्यांचीही पानं निसटायची, पण एक गुण होता : यादी टेबलावर दोरीने बांधलेली असायची आणि कुणीही उलटून पाहू शकायचं. आज साठीच्या पुढचे वाचक संगणकाबद्दल कुरकुरतात ती बहुतेक यासाठी. यादी गेली ती टेबलाच्या पलीकडे गेली.

संगणक आले तेव्हा ही वही, ही यादी त्यात उतरवायचं काम निघालं. हजारो नोंदी. ग्रंथालयातल्या माणसांना देवघेव सांभाळून ते जमणं शक्य नव्हतं. मग कुठे सुट्टीतली कॉलेजची मुलं, कुठे नोंदीमागे ठरावीक पैसे घेणारा टायपिंगवाला. ठाण्यातले एक निवृत्त ग्रंथपाल मला सांगत होते की, त्या मुलांचा वेग जबरदस्त होता. मुलांनी वही समोर ठेवून वही उतरवली. पुस्तक हातात घेऊन कुणी पाहिलं नाही. वहीत जागा कमी म्हणून ‘म. इ. साधने खं. ८’ असं आखडून लिहिलेलं होतं. संगणकात ते तसंच गेलं. आज कुणी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ शोधलं, तर राजवाड्यांचा तो खंड शेजारच्या कपाटात असूनही मिळायचा नाही.

एका ‘ऱ्या’चे तीन अवतार

याच्या वरताण म्हणजे फाँट. १९९०च्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं मराठी टायपिंग श्रीलिपी, शिवाजी, आकृती अशा फाँटांत व्हायचं. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण यंत्राच्या पोटात साठवलेलं असायचं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. त्याला ‘क’चं रूप तो फाँट द्यायचा. फाँट बदलला की सोंग उतरलं. जुनी यादी नव्या संगणकावर उघडल्यावर ओळीच्या ओळी डॉलर, कंस आणि चौकोनांनी भरलेल्या पाहणं, हा अनुभव या पट्ट्यातल्या एकाहून अधिक ग्रंथपालांनी घेतलाय. परिवर्तक वापरून बरंचसं युनिकोडमध्ये आलं, जोडाक्षरं तेवढी मध्येमध्ये मोडली.

युनिकोड आल्यावर प्रश्न मिटला असं वाटलं होतं. पु. लं.चं ‘वाऱ्यावरची वरात’ घ्या. त्यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका पद्धतीत युनिकोडमध्ये मराठीसाठी असलेलं खास ‘ऱ’ हे अक्षर, मग हलन्त, मग ‘य’. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग ‘य’. छापलं तर दोन्हींत तसूभर फरक नाही. यंत्राच्या लेखी मात्र हे दोन वेगळे शब्द. तिसरा अवतार रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवणाऱ्यांचा : ‘वार्यावरची’. मी एका वाचनालयात तिन्ही टाइप करून पाहिले. तीन वेळा तीन वेगळी उत्तरं आली आणि त्यातल्या एका उत्तरात पुस्तकाच्या चारपैकी एकच प्रत होती, ती नेमकी बाहेर गेलेली. वाचक ‘बाहेर आहे’ ऐकून परत गेला असता आणि उरलेल्या तीन प्रती कपाटात तशाच उभ्या राहिल्या असत्या.

विसर्गाची कथा याहून साधी. ‘कळ्यांचे निःश्वास’ टाइप करताना विसर्गाची कळ सापडली नाही की बोट सरळ इंग्रजी अपूर्णविरामाकडे जातं. दिसायला तेच दोन टिंब. ‘ॲ’ तर युनिकोडमध्येच २००८ साली आला. त्याआधीच्या नोंदींत तो हिंदी वळणाच्या ‘ऍ’चा वेश घेऊन बसलाय किंवा अ-वर चंद्र ठेवून केलेला आहे. आणि ‘ययाति’ की ‘ययाती’, ‘स्मृतिचित्रे’ की ‘स्मृतीचित्रे’ हा वाद तर माणसांतही मिटलेला नाही.

यावर इलाज नाही असं मुळीच नाही. शोध घेण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ सारखं मानायचं, अनुस्वार सोडून द्यायचे, दोन ‘ऱ्या’ एक धरायचे, हे सॉफ्टवेअरला शिकवता येतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ ग्रंथालयांना फुकट मिळतं. ‘कोहा’ हे तर न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रामीण ग्रंथालय संस्थेने स्वतःच्या गरजेपोटी करून घेतलेलं, २०००च्या जानेवारीपासून वापरात आलेलं आणि जगाला मोकळं करून दिलेलं सॉफ्टवेअर. त्याच्या आतल्या शोधयंत्राला असे नियम घालता येतात. पण ते घालायला मराठीही कळणारा आणि यंत्रही कळणारा माणूस महिनाभर बसावा लागतो. आपल्याकडे बरीच वाचनालयं स्थानिक विक्रेत्याने करून दिलेल्या सॉफ्टवेअरवर आहेत. तो विक्रेता पावती, वर्गणी, थकबाकी हे सगळं चोख करून देतो, कारण पैसे त्यासाठी मिळतात. शोधाची चौकट ही त्याच्या लेखी एक उरलेली खिडकी.

आडनाव आधी

टेबलामागे बसणारी माणसं या सगळ्यातून आपली वाट काढतात. त्यांचा पहिला नियम : पुस्तकाचं नाव टाकायचं नाही, लेखकाचं आडनाव टाकायचं. दुसरा : पूर्ण टाकायचं नाही. ‘खानोल’ एवढंच. पुढचं यंत्र आणेल.

आडनावाचा हा नियम परदेशी ग्रंथपालनातून आला आणि मराठीला बराचसा मानवला, कारण आपल्यालाही आडनावं आहेत. पण आपण लेखकाला आडनावाने ओळखत नाही, आद्याक्षरांनी ओळखतो. पु. ल., जी. ए., गोनीदा, वपु. ‘देशपांडे’ टाकलं तर पु. ल., सुनीता, गौरी, कुसुमावती, अ. ना. असं अख्खं वाङ्मय समोर येतं. ‘पु.ल.’ टाकलं तर टिंबानंतर जागा सोडली होती की नाही यावर नशीब. श्री. ना. पेंडशांची गंमत वेगळीच. त्यांचं ‘श्री.’ हे श्रीपादचं. नोंदी साफ करताना कुणीतरी सगळ्या नावांआधीचे श्री., सौ., डॉ., प्रा. एका फटक्यात उडवले, आणि एका यादीत ‘गारंबीचा बापू’ कुणा ना. पेंडशांचा झाला.

मग टोपणनावं. आरती प्रभूंची कविता एका ठिकाणी आणि चिं. त्र्यं. खानोलकरांची कादंबरी दुसऱ्या. यंत्राला ही दोन माणसं वाटतात. विभावरी शिरूरकर, मालती बेडेकर आणि बाळूताई खरे या तिघी एकच, हे जुन्या कार्डांच्या खणात एका ‘पाहा’ कार्डाने सांगितलेलं असायचं : ‘शिरूरकर, विभावरी – पाहा : बेडेकर, मालती’. चांगल्या संगणकीय तालिकेतही याची सोय असते, अधिकृत नावांची वेगळी फाइल ठेवता येते. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक ठिकाणी ही फाइल रिकामी होती. ती रिकामी असल्याचं फारसं अडलेलंही नव्हतं, कारण ही ‘पाहा’ कार्डं ताईंच्या डोक्यात होती. ताई निवृत्त होतील तेव्हा काय, हा प्रश्न मी एका अध्यक्षांना विचारला. त्यांनी मला चहा मागवला.

नाव सापडलं तरी पुस्तक सापडायचं राहतंच. मेल्विल ड्यूईच्या १८७६ सालच्या दशांश पद्धतीत मराठी कादंबरीला ८९१.४६३ हा आकडा आहे. अमेरिकेतल्या ग्रंथालयात या आकड्याखाली एखादं फडताळ भरत असेल. ठाण्याच्या ग्रंथालयात निम्मा मजला भरतो. म्हणून इथली वाचनालयं आकडा सोडून आपापली सोय करतात : कादंबरीला ‘का’, चरित्राला ‘च’, पुढे लेखकाचं आद्याक्षर किंवा नुसता दाखल अंक. एका वाचनालयाची खूण दुसऱ्यात चालत नाही. त्यातही मुक्तप्रवेश असेल, म्हणजे वाचकाला कपाटापर्यंत जाऊ देत असतील, तर पुस्तक एकदा चुकीच्या खणात गेलं की ते जवळजवळ हरवलंच. पडद्यावर ‘उपलब्ध’, प्रत्यक्षात वर्षभर कुणी पाहिलेलं नाही.

क्रमाचाही घोळ आहे. आपल्या वर्णमालेत ‘ज्ञ’ शेवटी. जुन्या यादीत ‘ज्ञानेश्वरी’ शोधायला वाचक थेट शेवटची पानं उलटायचा. यंत्र ‘ज्ञ’ला ज आणि ञ मिळून झालेला समजतं आणि ‘ज्ञानेश्वरी’ला ‘ज’मध्ये नेऊन बसवतं. ‘ळ’ आपल्याकडे ‘ह’च्या पुढे, यंत्राकडे ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये. कल्याणात एक आजोबा पडद्यावरची यादी खालपर्यंत सरकवून ‘ज्ञानेश्वरी नाही तुमच्याकडे?’ असं आश्चर्याने विचारत होते. दीडशेहून अधिक वर्षं वाचनालय असलेल्या गावात हा प्रश्न ऐकून टेबलामागच्या ताईंनी कपाळाला हात लावला.

शिलाहार कुठे आहेत?

एका ठिकाणी वाचकांसाठी वेगळा संगणक ठेवलाय. खुर्ची आहे, माउस चालतो. मी बसलो आणि एक साधा शोध घ्यायचं ठरवलं : अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दल या ग्रंथालयात काय आहे? कल्याणच्या पुढे तिसऱ्या स्टेशनावरचं मंदिर, शके ९८२चा शिलालेख, म्हणजे इसवी सन १०६०. शाळेतल्या मुलाला प्रकल्पासाठी लागावं असा विषय.

‘अंबरनाथ’ टाकल्यावर एक स्मरणिका आणि अंबरनाथ नावाच्या नायकाची कुठलीशी कादंबरी आली. ‘अंबरनाथचे’ टाकल्यावर काहीच नाही. मराठीत शब्द प्रत्यय घेऊन रूप बदलतो आणि साधं यंत्र पूर्ण शब्द जुळवत बसतं. ‘ठाणे’ शोधणाऱ्याला ‘ठाण्याचा’ मिळत नाही. शब्द अर्धा ठेवून पुढे तारा टाकायचा, ही युक्ती भिंतीवर कुठेच लिहिलेली नव्हती. मग मंदिर बांधणाऱ्या घराण्याकडे वळलो. ‘शिलाहार’ टाकल्यावर वा. वि. मिराशींचा ‘शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख’ आला. हा तर खजिनाच. ‘शीलाहार’ टाकल्यावर दुसरी यादी आली, त्यात मिराशी नव्हते.

इथवर शीर्षकांनी साथ दिली. पुढे अवघड होतं. उत्तर कोकणच्या इतिहासासाठी राजवाड्यांनी १९२४ साली काढलेली ‘महिकावतीची बखर’ हवी. मुंबई इलाख्याच्या १८८२च्या गॅझेटियरमध्ये ठाणे जिल्ह्याला तेरावा खंड दोन भागांत दिलाय आणि स्थळांची माहिती चौदाव्यात, अंबरनाथ तिथे. या दोन्हींच्या शीर्षकात ना अंबरनाथ, ना शिलाहार. ती शोधात यायची तर नोंदीतला ‘विषय’ हा रकाना कुणीतरी भरलेला हवा. मी पन्नासेक नोंदी उघडून पाहिल्या. विषयाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘इतिहास’ किंवा ‘संकीर्ण’.

हा रकाना भरणं हेच ग्रंथपालाचं खरं शिक्षण. पुस्तक हातात घ्यायचं, अनुक्रमणिका वाचायची आणि उद्याचा वाचक कुठल्या शब्दाने याच्याकडे येईल ते ओळखून लिहायचं. इंग्रजी पुस्तकाला हे काम जवळजवळ आयतं मिळतं : मागचा आयएसबीएन टाकला की कुणीतरी, कुठेतरी केलेली पूर्ण नोंद उतरवून घेता येते. मराठी पुस्तकाला अशी सामायिक विहीर नाही. जुन्या पुस्तकांवर तर आयएसबीएनच नाही. त्यामुळे ‘श्यामची आई’ची नोंद ठाण्यात एकाने टाइप केली, कल्याणात दुसऱ्याने, डोंबिवलीत तिसऱ्याने, आणि महाराष्ट्रभर हजारो ग्रंथालयांत हजारो जणांनी. प्रत्येकाने आपापल्या चुका नव्याने केल्या. रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. इथे वाचकाच्या आधी ग्रंथपालाचाच वेळ हजार ठिकाणी तोच तो खर्च होतोय, याचा राग यायला हवा.

शिक्का ठाण्याचा, रस्ता सॅन फ्रान्सिस्कोवरून

‘महिकावतीची बखर’ मला शेवटी घरी, मोबाइलवर वाचायला मिळाली. जुनी मराठी पुस्तकं इंटरनेटवर शोधणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात हजारो मराठी पुस्तकं पानापानाने स्कॅन झाली. पुढे त्यांचा मोठा साठा ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या सॅन फ्रान्सिस्कोतल्या अमेरिकन संस्थेच्या संकेतस्थळावर गेला. तिथलं कुठलंही जुनं मराठी पुस्तक उघडा. पहिल्या दोन-चार पानांत अनेकदा एक शिक्का किंवा चिठ्ठी दिसते : म. ग्रं. सं. ठाणे. खाली ‘विषय’ आणि ‘सं. क्र.’ लिहायच्या जागा, आणि शाईने भरलेले आकडे. कुठे ‘स्थळप्रत’ असंही छापलेलं असतं, म्हणजे ही प्रत घरी न्यायची नाही, इथेच बसून वाचायची. ती स्थळप्रत आता जगात कुणीही कुठेही बसून वाचतो. भाव्यांनी मांडलेल्या संसाराची ही मिळकत.

पण शोधायची कशी? स्कॅन करणाऱ्यांनी शीर्षकं रोमन लिपीत लिहिली, आणि तीही यंत्राला कळेल अशा एका चमत्कारिक लेखनपद्धतीने. दीर्घ ‘आ’साठी दोन ए, ‘ट’साठी टीच्या पुढे एक उलटा स्वल्पविराम. त्या पद्धतीने ‘महाराष्ट्र’ असं काही दिसतं की मराठी माणसाने ते स्वप्नातही टाइप करू नये. लेखकाच्या जागी पुष्कळदा ‘उपलब्ध नाही’. मी मित्रांकडून शिकलेली युक्ती अशी : पुस्तकाच्या नावाऐवजी आतलं एखादं विशेषनाम देवनागरीत टाकायचं. यंत्राने पानांवरची अक्षरं ओळखून जो कच्चा मजकूर तयार केलाय त्यात ते सापडतं, आणि मागच्या दाराने आपण पुस्तकात शिरतो.

मराठी पुस्तकांच्या उत्तम नोंदी कुणी केल्या असतील तर त्यातल्या बऱ्याच वॉशिंग्टनला आहेत. साठच्या दशकात अमेरिकेने आपल्याला पीएल-४८० करारात गहू दिला, रेशनवरचा तो लाल गहू जुन्या मंडळींच्या जिभेवर अजून असेल. त्याचे रुपये इथेच साठले आणि त्यातल्या काहींची पुस्तकं घेतली गेली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ साली दिल्लीत कार्यालय उघडलं आणि पुण्या-मुंबईत छापलेली पुस्तकं तिकडच्या विद्यापीठांत जाऊ लागली. प्रत्येकाची नोंद नेटकी, लेखकाचं जन्मसाल, टोपणनाव, विषय, सगळं जागच्या जागी. फक्त रोमन लिपीत, अक्षरांच्या वरखाली टिंबं आणि रेघा देऊन. डोंबिवलीतल्या ताईंना त्या नोंदी उतरवून घ्यायला कायद्याची किंवा पैशाची आडकाठी फारशी नाही. लिपी आडवी येते.

अनुक्रमणिकेच्या आत

जाता जाता दिवाळी अंकांचं. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथपासून मराठीतलं किती लेखन आधी दिवाळी अंकात आलं याला गणती नाही. या पट्ट्यातल्या प्रत्येक वाचनालयाची दिवाळी अंक योजना असते. वेगळी वर्गणी, वेगळं टेबल. संक्रांतीपर्यंत अंक हातोहात फिरतात आणि त्यांची पानं केळीच्या सालीसारखी काळी पडतात. त्यानंतर नशीब असेल तर गठ्ठा बांधला जातो. तालिकेत नोंद होते ती फक्त अंकाचं नाव आणि वर्ष. आत कुणाची कथा आहे, कुणी कशावर लिहिलंय, यातलं काही शोधात येत नाही. हा लेखही येणार नाही.

पुस्तकांसाठी मात्र नोंदींचं काम एका माणसाने केलं होतं. शंकर गणेश दाते ग्रंथालयं पालथी घालत हिंडले आणि १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची १९४४ साली आणली. पुढचा खंड, १९५० पर्यंतचा, १९६१ साली आला. संगणक नव्हता, चिठ्ठ्या होत्या. आजही जुन्या पुस्तकाचं साल किंवा खरं नाव अडलं की चांगला ग्रंथपाल यंत्रावरून उठतो आणि दात्यांचा खंड काढतो.

आता पैशाचं. सरकारने २०२२च्या अखेरीस अनुदान साठ टक्क्यांनी वाढवलं, त्याआधी ते दहा वर्षं जागचं हललं नव्हतं. त्यातून पगार, पुस्तकखरेदी, वीज आणि भाडं. नोंदी सुधारायच्या म्हणून वेगळा पैसा कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही, कारण तपासणीत दाखल नोंदवही पाहतात, तालिका पाहत नाहीत. तालिकेत ‘शिलाहार’ टाकून काय येतं, एवढं एक जरी तपासणीच्या अर्जात आलं, तरी सहा महिन्यांत फरक दिसेल असं मला वाटतं. आणि जमलं तर तो एक पडदा वाचकाकडे वळवावा. दुसरा संगणक घेण्याचीही गरज नाही. जुन्या मॉनिटरला वायर लांब लागते एवढंच.

तोवर काम ज्याच्या त्याच्या हौशीवर चाललंय. कल्याणच्या एका वाचनालयात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सकाळी दोन तास येऊन लेखकांची नावं दुरुस्त करतात. एका लेखकाचं एकच नाव, बाकीची त्याला जोडायची. अकारविल्हे सुरू केलंय. खांडेकरांनी त्यांचा आठवडा घेतला : वि. स., वि.स., विष्णू, विष्णु, सखाराम, भाऊसाहेब, एकाच माणसाचे इतके वंशज. कुलकर्णी झाले, गाडगीळ झाले. मी गेलो तेव्हा ते ‘जोशी’ उघडून बसले होते आणि पडद्यावर पानामागून पान सरकत होतं. किती दिवस लागतील, मी विचारलं. चष्मा कपाळावर ढकलून ते म्हणाले, ‘जोशींचं काही नाही हो, ते उरकतील दिवाळीपर्यंत. पुढे देशपांडे आहेत.’